पहिल्यांदाच उंदीर पाळतोय: सामान काय आणू, खायला काय देऊ?

मुठाकाठ
नमस्कार मंडळी. लेक नऊ वर्षांची आहे, चौथीत. दोन वर्षं कुत्रा कुत्रा करत होती पण आम्ही दोघंही दिवसभर बाहेर, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे ते काही जमणारं नाही. आता तिच्या मैत्रिणीकडच्या पाळीव उंदरांना पिल्लं झालीत आणि त्यातली दोन आम्हाला मिळणार आहेत, अजून पंधरा दिवसांनी. नावंसुद्धा ठरली, जिरं आणि मोहरी. जिरं तपकिरी आहे, मोहरी काळी कुळकुळीत.
काल दुकानात जाऊन आले. दुकानदाराने रंगीत नळ्यांचा पिंजरा दाखवला, हॅमस्टरचा आहे पण चालतो म्हणाला, शिवाय लाकडाच्या भुशाची मोठी पिशवी आणि सूर्यफुलाच्या बियांचं मिक्स. घेऊ का हे सगळं? घरातलं धान्य चालत असेल तर बरंच. सासूबाई म्हणतात, "अगं, ज्यांना आपण सापळे लावतो त्यांना पाळायचं?" त्यांनाही पटवायचंय मला, त्यांच्या मनाविरुद्ध घरात आणायचं नाहीये. नेटवर सगळं परदेशातलं सापडतं, पुण्यात काय मिळतं आणि आपल्या घरात काय चालतं ते सांगा.

निवांत
जिरं आणि मोहरी! फोडणी तयार, आता हिंग नावाचा नर मात्र आणू नका.

खारूताई
निवांत हसून बोलले पण मुद्दा तोच आहे. मुठाकाठ, आधी खात्री करा की दोन्ही माद्याच आहेत. मी कॉलेजात असताना दोन "माद्या" आणल्या होत्या, दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि तीन आठवड्यांनी सकाळी बघते तर कोपऱ्यात आठ गुलाबी शेंगदाणे हलतायत. उंदरीण साधारण १९ ते २१ दिवसांत विते, विल्यावर एका दिवसात परत गाभण राहू शकते, आणि पिल्लं पाच-सहा आठवड्यांत स्वतः वयात येतात. हिशेब तुम्हीच करा.
ओळखायचं असं की शेपटीखाली दोन छिद्रं असतात, मादीत ती जवळजवळ असतात आणि नरात त्यांच्यात बरंच अंतर असतं. एकटं पिल्लू बघून कळत नाही, भावंडं शेजारी शेजारी धरून बघा म्हणजे फरक लगेच दिसतो. दोन माद्या छान राहतात. दोन नर, सख्खे भाऊ असले तरी, मोठे झाले की रक्त निघेपर्यंत भांडतात. आणि एकटी मादी ठेवू नका, त्यांना सोबत लागतेच.

भवानीपेठी
भुशाबद्दल मी बोलणार, कारण आमचं घर टिंबर मार्केटपासून दहा मिनिटांवर आणि तीन पिढ्या लाकडातच आहोत. तो भुसा घेऊ नका. सुताराकडून फुकट मिळतो म्हणून तर अजिबातच आणू नका. त्यात कुठलं लाकूड आहे ते कोणालाच सांगता येत नाही. एकाच करवतीवर सकाळी साग, दुपारी देवदार, संध्याकाळी प्लायवूड. देवदार म्हणजे सीडरच्याच कुळातला. त्याचा जो वास आपल्याला मस्त वाटतो, ती त्यातली तेलं असतात, त्यांनी कापडाला कसर लागत नाही म्हणून लोक कपाटात ठेवतात. आता विचार करा, जो वास किडे पळवतो त्यात तीस ग्रॅमचा जीव चोवीस तास नाक खुपसून बसणार. छाती भरते, लिव्हरवर परिणाम होतो. पाइनचंही तेच, ताज्या पाइनला राळेचा वास असतो. सागाच्या धुळीने तर आमच्या कामगारांना खाज सुटते, शिंका येतात. प्लाय आणि एमडीएफमध्ये तर गोंदच असतो.
अस्पेन नावाच्या लाकडाचे सोललेले काप मिळतात ऑनलाइन, ते चांगले. पण मी म्हणतो कागद घ्या. कोऱ्या, न छापलेल्या कागदाच्या पट्ट्या, खाकी कागद, अंड्याचे पुठ्ठ्याचे ट्रे, टॉयलेट रोलच्या आतली नळी. चांगला चार बोटं थर द्या, त्यांना आत घुसायला आवडतं.

पाषाण तलाव
मी एका संशोधन संस्थेत प्राण्यांच्या विभागात काम करते, रोज उंदरांमध्येच असते. भवानीपेठींशी बऱ्याच अंशी सहमत, फक्त एक सांगते, भट्टीत नीट वाळवलेलं पाइन पुष्कळ ठिकाणी वापरतात, त्यातली बरीचशी तेलं उडून गेलेली असतात. पण दुकानातल्या पिशवीवर ते भट्टीत वाळवलंय की नाही हे लिहिलेलंच नसतं, म्हणून घरी नकोच. मक्याच्या कणसाचा भरडाही मिळतो. आमच्याकडे एसी आणि ठरलेली आर्द्रता असते म्हणून चालतो, पुण्याच्या जुलैत घरात तो दोन दिवसांत बुरशी धरेल.
घर साफ करताना एक करा. मुतलेला ओला भाग रोज किंवा दिवसाआड काढा, सगळं मात्र आठवड्यातून एकदाच बदला आणि जुन्या घरट्यातला थोडा कोरडा कागद परत आत ठेवा. उंदीर वासावर जगतात. सगळा वास एकदम पुसला की ते घाबरतात आणि दुप्पट मुतून परत खुणा करतात. लोक म्हणतात वास येतो म्हणून मी रोज धुते, आणि रोज धुते म्हणूनच वास येत असतो.

सदाफुली
माफ करा, मी जरा वेगळं बोलते. मी सासूबाईंच्या बाजूने आहे. १९९४ साली सुरतेत प्लेग आला, आपल्या बीडकडेही आला, तेव्हा माझी मुलं लहान होती. तोंडाला रुमाल बांधून हिंडत होतो आम्ही, औषधाच्या दुकानांत टेट्रासायक्लिन मिळेना. आणि पुण्याला १८९७ चा प्लेग काय सांगायचा, रँडची गोष्ट तर शाळेतल्या पोरालाही माहीत असते. लेप्टोसुद्धा उंदरांमुळेच होतो ना? मग लहान मुलीच्या हातात का द्यायचे?

पाषाण तलाव
सदाफुलीताई, तुमची भीती खोटी नाहीच. पण तो प्लेग घुशी-उंदरांच्या अंगावरच्या पिसवांनी पसरवला, आणि ते उंदीर गटारातले, गोदामातले, रानातले. लेप्टोही तसाच, बाहेरच्या उंदरांच्या मुतातून पाण्यात, चिखलात जातो. पिढ्यान्‌पिढ्या माणसाकडे वाढलेल्या, बाहेरच्या उंदरांना कधी न भेटलेल्या उंदराकडून हा धोका फार कमी असतो. इंग्लंडात उंदीर पाळणाऱ्यांचा नॅशनल माउस क्लब १८९५ साली निघाला, म्हणजे आपल्याकडे प्लेग यायच्या आधीपासून लोक हौसेने हे करतायत.
तरी नियम पाळायचेच. हाताळण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुणे, तोंडाला लावायचं नाही, स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणायचं नाही, पिंजरा स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुवायचा नाही. घरात कोणी गरोदर असेल तर तिने पिंजरा साफ करू नये, उंदरांकडून एलसीएमव्ही नावाचा एक विषाणू येऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला वाईट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाहेरचा उंदीर पकडून कधीच पाळायचा नाही आणि त्याला पिंजऱ्याजवळ फिरकू द्यायचं नाही.

सदाफुली
हे नीट समजावून सांगितलंत, बरं वाटलं. हात धुण्याचं मुलीला घोकून घ्या म्हणजे झालं.

एकांडा शिलेदार
पिंजऱ्याबद्दल कोणीच नीट बोललं नाही अजून. हॅमस्टरच्या पिंजऱ्याच्या गजांमधून उंदीर आरामात निघून जातो. पेन्सिल जाते तिथून लहान उंदीर जातो, हे लक्षात ठेवायचं. डोकं गेलं की अंग जातंच. गजांतलं अंतर सहा मिलिमीटरच्या वर नको. नळ्या तर नकोच, हवा खेळत नाही, आत मुतलेलं साचतं आणि धुताना कंबर मोडते.
मी काय केलं, रविवार पेठेतून मोठा पारदर्शक प्लास्टिकचा डबा आणला, झाकणाचा, दोन फूट लांब, दीड फूट रुंद. झाकणाचा मधला भाग आणि एका बाजूची खिडकी कापली आणि बोहरी आळीतून बारीक छिद्रांची लोखंडी जाळी आणून नट-बोल्टने आतून बसवली. आतून अशासाठी की प्लास्टिकची कापलेली कड उघडी राहिली तर ते ती कुरतडून भोक मोठं करतात. डास अडवायची नायलॉनची जाळी एका रात्रीत कुरतडतील. एक रविवार गेला पण दुकानातल्या पिंजऱ्यापेक्षा दुप्पट जागा मिळाली.
आत एक चाक हवंच. भरीव पट्टीचं हवं, गजांचं नको, गजांत पाय किंवा शेपूट अडकून मोडते. आणि व्यास सहा-सात इंच तरी, लहान चाकात पाठ वाकडी होते.

निवांत
आणि ते चाक रात्री दोनला कुरकुरतं. बेडरूममध्ये ठेवू नका एवढंच सांगतो.

एकांडा शिलेदार
चाकाच्या आसाला खोबरेल तेलाचा एक थेंब. खाल्लं तरी काही होत नाही.

चिंचगुळ
आता खाण्याचा विषय माझा, कारण माझ्याकडे चार वर्षांत पाच उंदीर होऊन गेले आणि सगळ्यांचं खाणं मीच करायचे.
ते सूर्यफुलाच्या बियांचं मिक्स मुख्य खाणं म्हणून नको. दिलं की आधी सगळ्या बिया वेचून खातात आणि बाकीचं तसंच टाकतात, मग अंग सुटतं आणि लागणारं पोटात जात नाही. उंदरांच्या तयार गोळ्या मिळतात, सगळं एकत्र दळून दाबलेल्या, त्या निम्म्याहून जास्त ठेवा, त्यात निवडानिवड करता येत नाही. उरलेलं आपल्या डब्यातून. बाजरी, ज्वारी, राळा, वरी, नाचणी, साधे ओट्स, थोडा गहू. बाजरीचं अख्खं कणीस मिळालं तर ते टांगून ठेवा, दाणे सोडवत तासभर रमतात. एका उंदराला दिवसाला तीन ते पाच ग्रॅम खाणं पुरतं, म्हणजे चहाचा एक चमचा. वाटीत न देता कागदात भुरभुरवून द्या, शोधून खायला त्यांना आवडतं.
आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा, किंवा मोड आलेले दोन-तीन मूग. भाजीत काकडी, गाजर, मटार, ब्रोकोली, अंगठ्याच्या नखाएवढंच. सफरचंद बिया काढून. कोबी फार नको, गॅस होतो. आणि उंदराला उलटी करता येत नाही, हे कायम लक्षात असू द्या. एकदा पोटात गेलं की गेलं, म्हणून नवीन पदार्थ एका वेळी एकच आणि अगदी कणभर.
काय द्यायचं नाही: चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, कच्चा राजमा, हिरवट किंवा कोंब आलेला बटाटा. चिवडा, फरसाण, लोणचं, कुठलंही तेलकट-खारट-तिखट. शेंगदाणा क्वचित अर्धा, तोही नीट बघून, कारण बुरशी आलेल्या शेंगदाण्यात अफलाटॉक्सिन नावाचं विष असतं आणि ते नुसतं दिसून कळेलच असं नाही, त्यामुळे खवट किंवा सुरकुतलेला दाणा सरळ फेकायचा.

कातरवेळ
आमच्याकडे लहानपणी दूध-पोळी द्यायचो, छान खायचे.

चिंचगुळ
खातात हो, प्रश्न खाण्याचा नाहीये. मोठ्या उंदराला दूध नीट पचत नाही, जुलाब होतात, आणि भिजलेली पोळी उन्हाळ्यात दोन तासांत आंबते. कोरड्या पोळीचा तुकडा द्या, दातांनाही काम.

निवांत
आणि चीज? सिनेमात तर उंदीर म्हटला की चीज.

चिंचगुळ
त्यांना चीजचं एवढं काही नसतं, धान्य समोर असेल तर ते धान्यच घेतील. आपल्या घरांत सापळ्याला खोबऱ्याचा तुकडा नाहीतर भजी लावायचे, ते जास्त अभ्यासपूर्ण होतं असं मला अगदी मनापासून वाटतं.

भवानीपेठी
दातांचं राहिलं. पुढचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे कुरतडायला काहीतरी लागतंच. पेरूची वाळलेली फांदी द्या, औषध न फवारलेल्या झाडाची. उकळत्या पाण्यातून काढून उन्हात कडक वाळवायची. रंग किंवा पॉलिश लावलेला तुकडा देऊ नका.

मुठाकाठ
किती छान माहिती देताय सगळे! डबा आणि जाळीचं नवऱ्याला दाखवलं, या रविवारी बोहरी आळीत जातोय. पाणी वाटीत ठेवायचं का? आणि पिंजरा बाल्कनीत ठेवला तर चालेल का, वास घरात येणार नाही?

एकांडा शिलेदार
बाल्कनीत नको. हे मी माझ्या चुकीतून सांगतोय. माझी तीळ नावाची उंदरीण अशीच गेली. एप्रिल होता, बाल्कनीत सकाळी सावली असायची म्हणून ठेवला होता, अकरानंतर ऊन फिरून आत आलं आणि मी ऑफिसात. संध्याकाळी आलो तर ती अंग पसरून पडलेली होती, श्वास नव्हता. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायला फारसं साधनच नाही त्याच्याकडे. सहा वर्षं झाली, अजून तो डबा मी फेकलेला नाही.
घरातली सगळ्यात गार, वारा खेळणारी पण थेट पंख्याखाली नसलेली जागा शोधा. मार्च ते जून आत फरशीचा तुकडा ठेवा आणि एक लहान मडकं आडवं. कुंभाराकडे न रंगवलेलं मिळतं, त्यात जाऊन बसतात. फार तापलं तर पाण्याची बाटली गोठवून टॉवेलात गुंडाळून डब्याच्या बाहेर टेकवून ठेवायची.

पाषाण तलाव
शिलेदार, वाचून वाईट वाटलं. आम्ही २० ते २६ अंशांत ठेवतो, आणि पुण्यात एप्रिलमध्ये पारा ४० ला टेकतो, म्हणजे बघा.
पाणी बाटलीतच. वाटीत ते कागद ढकलतात आणि पाणी सगळं कागदात जातं. बाटलीच्या नळीतली गोळी रोज बोटाने दाबून बघा. ती अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि उंदीर तहानलेला राहतो. दिवसाला पाच-सहा मिली पितात फक्त, त्यामुळे पातळी बघून कळत नाही.

कातरवेळ
मुंग्या! कोणीच मुंग्यांचं बोललं नाही. धान्य सांडलं की पुण्यातल्या घरात दुसऱ्या दिवशी रांग लागलीच. खडू किंवा पावडर अजिबात नको, ते विषच. आमच्या आजीच्या जाळीच्या कपाटाला होत्या तशा टेबलाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, आणि टेबल भिंतीला चिकटवू नका.

सदाफुली
वाट्यांतलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदला मात्र, नाहीतर डेंग्यूचे डास. आणि उदबत्तीचं काय? आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ देवापाशी असते.

पाषाण तलाव
चांगला प्रश्न. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, प्लगमधलं लिक्विड, यातलं काहीही त्या खोलीत नको. त्यांची छाती फार नाजूक असते, मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा संसर्ग पुष्कळ उंदरांत दबा धरून असतो आणि धूर-धुळीने उफाळतो. शिंका, श्वास घेताना टकटक आवाज, अंग फुगवून बसणं, असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.
अजून एक. उंदीर पळवायचं म्हणून जे प्लगमध्ये लावायचं यंत्र मिळतं ते घरात असेल तर काढून टाका. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, उंदराला ८० च्याही वर. आपल्याला शांत वाटणाऱ्या खोलीत त्या बिचाऱ्यांच्या कानात कोणी शिट्टी वाजवत असेल. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असलं की एक दिवस दुसऱ्या घरी हलवायचे.

मंडईचा कट्टा
मग गणपतीत काय? आमचं घर मिरवणुकीच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, काचा थरथरतात.

पाषाण तलाव
ढोलाचा खालचा घुमारा त्यांना फारसा ऐकू येत नाही पण हादरा पायांतून जाणवतो, ताशा आणि झांजा मात्र कानात जातात. सगळ्यात आतल्या खोलीत ठेवा, डब्याखाली गादी किंवा घडी घातलेलं ब्लँकेट, कागद जास्त द्या. शक्य असेल तर विसर्जनाचे दोन दिवस लांबच्या नातेवाइकांकडे. दिवाळीतही तसंच.

मंडईचा कट्टा
मूषक विसर्जनाला गावी, हे पहिल्यांदाच घडेल. करतो तसंच. आणि मुठाकाठ, सासूबाईंना सांगा, बाप्पाचं वाहन आहे, त्याला सापळा लावतात तेव्हाच खरं तर बाप्पाला काय वाटत असेल.

खारूताई
डॉक्टरांचं आत्ताच बघून ठेवा, उंदीर यायच्या आधी. सगळे कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर उंदीर बघत नाहीत. फोन करून स्पष्ट विचारा, "तुम्ही उंदीर-हॅमस्टर तपासता का?" मी रात्री नऊला तीन ठिकाणी फिरले होते, हातात खोकं घेऊन, आणि तिन्हीकडे नाही म्हणाले. दर रविवारी स्वयंपाकाच्या काट्यापेक्षा वेगळ्या लहान डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहा. आजार दिसायच्या आधी वजन उतरतं.
आणि मुलीला वयाचं आधीच सांगा. दीड-दोन वर्षं, फार तर अडीच. चौथीतली मुलगी सहावीत जाईपर्यंत ते म्हातारे झालेले असतील.

मुठाकाठ
हे वाचून थोडा वेळ गप्प बसले. काल रात्री सांगितलं तिला. ती म्हणाली, "मग आपण रोज लिहून ठेवू त्यांनी काय केलं ते." वही आणलीये.

मुठाकाठ
अपडेट देते, पाच दिवस झाले! दोन्ही माद्याच, चार भावंडं शेजारी धरून बघितली. शिलेदारांनी सांगितलेला डबा, आतून जाळी, कोऱ्या कागदाच्या पट्ट्या (नवऱ्याच्या ऑफिसातून एक बाजू कोरी म्हणून आणलेल्या परत पाठवल्या, छापील नको म्हणून), एक मडकं, पेरूची फांदी, सात इंचाचं चाक, दोन बाटल्या, टेबलाखाली चार वाट्या. नळ्यांचा पिंजरा घेतला नाही. देवघराची खोली आणि त्यांची खोली वेगळी.
सासूबाईंचं सांगायचं राहिलं. पहिले दोन दिवस खोलीत आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर डब्यापाशी खुर्ची टाकून राळ्याचा एकेक दाणा जाळीतून सोडत होत्या, "या काळीला राळा आवडतो, बाजरी नाही खात ती" म्हणाल्या. त्यांच्या माहेरी राळ्याचा भात असायचा म्हणे.
वजनं: मोहरी १९ ग्रॅम, जिरं १७. मोहरी रात्रभर चाकावर असते पण जिरं अजून मडक्यातच, हात घातला की पळते. हातावर कशी घेऊ? शेपटीला धरायचं का?

खारूताई
शेपटीला धरून उचलू नका, टोकाची कातडी सोलून निघते. टॉयलेट रोलची नळी तिच्यासमोर आडवी धरा, ती आपणहून आत जाईल, दोन्ही तोंडांवर तळवे ठेवून नळीच उचला आणि मांडीवर सोडा. आठवडाभर फक्त हात आत ठेवून बसायचं, तळव्यावर ओट्सचे दोन दाणे. ती येते, नक्की येते. सासूबाईंना बसवा आधी, त्यांचा हात तिला ओळखीचा झालाय.